बायबलच्या गोष्टींचा तयार हस्तकला खोका: कोणते पुडे घ्यावेत, कोणते सोडावेत

संडे स्कूलचा लहान वर्ग ज्यांच्याकडे असतो त्यांना ठाऊक आहे, गोष्ट सांगायला दहा मिनिटं पुरतात, खरी कसोटी त्यानंतर लागते. मोठ्यांची उपासना अजून अर्ध्यावर असते. मुलं चार ते सात वर्षांची. रंगवायला दिलेलं चित्र दोन खडूंत उरकून ती सतरंजीवरून उठायला लागतात. त्यामुळे बायबलमधल्या गोष्टींवर तयार हस्तकला खोका मिळतो असं कळल्यावर आमच्या महिला मंडळाने लगेच पैसे काढून दिले. पुण्यातल्या एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून तो आणला आणि वर्षभर वापरला. आता शेजारच्या मंडळ्यांतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बाया विचारतात, "घ्यावा का?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात राहते. आठवडाभर बालवाडीत शिकवते आणि रविवारी मंडळीतला लहान वर्ग घेते. या वयाच्या बोटांना काय झेपतं आणि काय झेपत नाही, हे रोज डोळ्यांसमोर असतं.

खोक्यात बारा गोष्टींचे बारा पुडे आहेत: सृष्टीची उत्पत्ती, नोहाचं तारू, योसेफाचा झगा, बाळ मोशे, दावीद आणि गल्याथ, दानीएल, योना, ख्रिस्तजन्म, पाच भाकरी, हरवलेलं मेंढरू, जक्कय आणि रिकामी कबर. शिवाय रंगीत मण्यांच्या बांगडीचा एक पुडा वरकड दिला आहे. प्रत्येक पुड्यात दहा मुलांपुरतं सामान: कापून ठेवलेला कार्डशीट, फोमचे तुकडे, आइस्क्रीमच्या काड्या, दोरा, स्टिकर, डिंकाची बाटली. सोबत एक पुस्तिका आहे. तिच्यात प्रत्येक गोष्टीचा शास्त्रभाग, पाठांतराचं वचन आणि कृती दिली आहे. अक्षर मोठं आहे आणि चित्रं स्पष्ट आहेत, त्यामुळे पहिल्यांदाच वर्ग घेणाऱ्या कॉलेजच्या मुलीही ती बघून काम करू शकल्या. किंमत १८५० रुपये. सुटा पुडा १८० रुपयांना मिळतो, आणि ही सोय फार महत्त्वाची आहे. का, ते पुढे येईलच.

माझी पारख एकाच गोष्टीवर चालते. गोष्टीत जे घडतं ते मुलाच्या हातून घडतं का? कुणी लपलं, कुणी शोधलं, काही तरंगलं, काही वाटलं गेलं, दगड सरकला. हे हातांनी केलेलं मूल विसरत नाही. तयार कापलेलं मेंढरू तयार कापलेल्या गवतावर चिकटवलं तर भिंतीला लावायला छान दिसतं, पण मुलाने त्यात केलं काय? डिंक लावला. त्या डिंकात हरवणंही नाही आणि सापडणंही नाही. दुसरी कसोटी घरची. ती वस्तू घेऊन मूल आजीला गोष्ट सांगू शकतं का? पालकांना मी हे मुद्दाम विचारत राहते.

या दोन्ही कसोट्यांवर जक्कयाचा पुडा पूर्ण उतरला, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करते. जक्कय म्हणजे यरीहोतला बुटका जकातदार, येशूला बघायला झाडावर चढलेला.

पुठ्ठ्याचं एक झाड आहे, साधारण हातभर उंच. जक्कयाचं छोटं चित्र वेगळं कापलेलं. त्याच्या पाठीला स्ट्रॉचे दोन तुकडे तिरके चिकटवायचे, वरची टोकं जवळ आणि खालची फाकलेली. झाडाच्या शेंड्याला दोरा अडकवायचा आणि त्याची दोन्ही टोकं स्ट्रॉमधून खाली काढायची. आता दोन हातांत दोन टोकं धरून आळीपाळीने ओढली की जक्कय झाडावर चढू लागतो. डावा, उजवा, डावा, उजवा. दोरा सैल सोडला की सर्रकन खाली. वर चढायला कष्ट आणि खाली यायला एक क्षण! लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू त्याला सांगतो की त्वरा करून खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. ते "त्वरा करून" मुलांच्या हातात आपोआप येतं. आमच्या वर्गातला एक मुलगा वर्गात सहसा तोंड उघडत नाही. तो दोरा सोडताना दर वेळी "ये खाली, ये खाली" असं मोठ्याने म्हणत होता. त्याच्या आईने नंतर सांगितलं की घरी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला त्याने जक्कय चढवून दाखवला.

पुड्यातलं झाड मात्र कुठल्यातरी थंड मुलखातलं आहे, हिरवा गोळा आणि खाली खोड. यरीहोतलं ते झाड आपल्या उंबराच्या जातकुळीतलं, खोडाफांद्यांनाच फळांचे घोस लागणारं. उंबर आमच्या मुलांनी ओढ्याकाठी पाहिलेला आहे. आम्ही लाल कागदाच्या गोळ्या करून खोडाला चिकटवल्या. बुटक्या माणसाला अशा झाडावर चढणं सोपं का, हे मग मुलांनीच सांगितलं: "बाई, त्याच्या फांद्या खाली असतात."

पुस्तिका जक्कयाला झाडावरून उतरवते आणि थांबते. खरी गोष्ट तर पुढे आहे. तो म्हणतो, अर्धं द्रव्य दरिद्र्यांना देतो आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. हे चिंचोक्यांनी करून घ्या. एका मुलाकडून एक चिंचोका काढून घ्यायचा आणि मग त्याच्या हातात चार ठेवायचे. ज्याचा घेतला त्याचा चेहरा बघा आणि देणाऱ्याचाही. सहा वर्षांच्या मुलांना "पश्चात्ताप" समजावून सांगायला मी पूर्वी बरेच शब्द खर्च करायची. चार चिंचोके हातात पडले की फार काही बोलावं लागत नाही.

बाळ मोशेचा पुडाही घ्यावा असाच आहे, पण त्यात निम्मं काम तुम्हाला घालावं लागेल. तपकिरी कागदाच्या पट्ट्या दिल्या आहेत. त्या एक वर, एक खाली अशा विणून छोटी टोपली करायची. विणणं पाच वर्षांवरच्या मुलांना जमतं. लहानांना पहिल्या दोन ओळी विणून द्या. आत ठेवायला कापलेलं बाळ आहे, गुलाबी गालांचं आणि सपाट. ते आम्ही बाजूला ठेवलं आणि भुईमुगाची एकेक शेंग दिली. शेंगेवर पेनाने डोळे काढायचे, जुन्या साडीच्या चिंधीत गुंडाळायची. मूठभर बाळ तयार. शेंगेला पोट असतं, डोकं असतं, ती तळहातात बसते. मुलांनी त्या शेंगांना झोपवलं, थोपटलं, आणि एकीने तर आपल्या बाळाला टाळू भरायला तेलही मागितलं.

पुस्तिकेप्रमाणे इथे काम संपतं. निर्गमच्या दुसऱ्या अध्यायात मात्र राजाच्या हुकुमापासून बाळाला वाचवायला आई त्याला पेटाऱ्यात घालून नदीकाठी ठेवते, आणि त्या लव्हाळ्याच्या पेटाऱ्याला तिने डांबर आणि राळ लावली आहे. ते गाळलं तर आईची सगळी काळजीच गोष्टीतून निघून जाते. म्हणून आधी टोपली तशीच पाण्याच्या घमेल्यात सोडा. कागद पाणी पितो, तळ मऊ पडतो आणि बाळ भिजायला लागतं. मुलं ओरडतात. मग सुकी टोपली घेऊन प्रत्येकाने तळाला मेणबत्ती घासायची, आतून आणि बाहेरून, जोर लावून. फटींमध्ये वितळलेलं मेण सोडणं मात्र मोठ्यांनीच करायचं, मुलं लांब बसवून. मेण थंड झालं की टोपल्या पुन्हा पाण्यात. आमच्या बहुतेक टोपल्या गोष्ट दुसऱ्यांदा सांगून होईपर्यंत तरंगल्या. मेण घासताना मी मुलांना विचारलं, "आई अशी घासत असताना काय म्हणत असेल?" एक मुलगी घासणं न थांबवता म्हणाली, "पाणी आत येऊ नको, पाणी आत येऊ नको." पुढे ती हेच गुणगुणत राहिली.

मोशेची बहीण दूर उभी राहून बघत होती, हेही वचनात आहे. एकेका मुलाला आळीपाळीने घमेल्यापासून चार पावलांवर उभं करा. त्याने फक्त बघायचं, हात लावायचा नाही. ज्यांच्या घरी लहान भावंडं आहेत ती मुलं हे काम फार जबाबदारीने करतात.

आता हरवलेल्या मेंढराबद्दल. यावर थोडं जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या भागात ही गोष्ट शिकवणं किती सोपं आहे आणि पुडा ती किती लांब नेतो, हे मला सांगायचं आहे.

पुड्यात मेंढराचा आकार कापलेला कार्डशीट आणि कापसाचे गोळे आहेत. पांढरं, फुगीर मेंढरू तयार होतं. दिसायला गोड. पण दिवाळीनंतर आमच्या गावावरून धनगरांचे कळप जातात आणि त्यात बहुतेक मेंढरं काळी असतात. दख्खनी मेंढरू काळंच, किंवा काळ्यावर पांढरे पट्टे असलेलं. त्याच लोकरीची घोंगडी आमच्या घरात आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांनी कळप जवळून पाहिलाय, मेंढराच्या अंगाचा वास त्यांना माहीत आहे. त्यांच्या हातात कापूस कशाला द्यायचा? मी कळपाबरोबरच्या एका मावशींकडे कातरणीतली थोडी लोकर मागितली. त्यांनी पिशवीभर दिली आणि पैसे घेतले नाहीत. लोकर दोनदा कोमट पाण्यातून काढून वाळवली. थोडा वास उरला, तो मी मुद्दाम राहू दिला. मुलांनी काळी, करडी, तांबूस मेंढरं केली. लोकर बोटाला चिकटते, ओढावी लागते, तिच्यात काड्या आणि कुसळं सापडतात. एका मुलाने आपल्या मेंढराच्या लोकरीत अडकलेलं कुसळ काढलंच नाही. म्हणाला, "हे काट्यात अडकलं होतं, म्हणून हरवलं." लूकच्या पंधराव्या अध्यायात मेंढरू का हरवलं ते सांगितलेलं नाही. या मुलाने कारण शोधलं आणि त्याच्या हातात पुरावाही होता.

पुस्तिका म्हणते की मेंढरू करून वहीत चिकटवा. कृपा करून चिकटवू नका. सगळी मेंढरं टोपलीत गोळा करा आणि मोजा. मुलांचं लक्ष नसताना एक काढून अंगणात लपवा. पुन्हा मोजा. एक कमी! मग सगळ्यांनी शोधायचं, आणि ज्याचं हरवलं त्याने सापडल्यावर ते खांद्यावर घेऊन यायचं. सापडल्यावर मेंढपाळ मित्रांना आणि शेजाऱ्यांना बोलावून आनंद करतो, तेव्हा शेंगदाणे-गूळ वाटायला विसरू नका. मेंढरू ज्याचं हरवणार असेल ते मूल जरा धीट निवडा. हळव्या मुलाचं लपवलं तर ते रडायला लागतं आणि मग सापडल्याचा आनंद त्याच्यापर्यंत पोचत नाही. या एका पुड्यासाठी १८० रुपये देण्याची अजिबात गरज नाही. जुना पुठ्ठा आणि लोकर पुरे.

मेंढरं राखणारा मुलगा दावीद आणि धिप्पाड योद्धा गल्याथ यांचा पुडा मी सरळ नाकारते. त्यात दावीदाच्या हाती गलोल दिली आहे, इंग्रजी वाय अक्षरासारखी काडी आणि वर रबर. दावीदाच्या हातात गोफण होती. गोफण म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या मुलांना पुस्तकातून शिकवावं लागू नये. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीवर पाखरं बसतात तेव्हा माळ्यावरून गोफणच फिरते. आमच्या मंडळीतल्या एका आजोबांनी सुतळीची गोफण विणून आणली आणि मैदानात कागदाचा बोळा घालून फिरवून दाखवली. डोक्यावरून गरगर आणि मग एक टोक सोडायचं. नेम धरायला किती सराव लागतो हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. मेंढरं राखताना हा मुलगा रोज हेच करत असणार, हे त्यांचं त्यांना कळलं. मुलांच्या हातात गोफण देऊ नका. बघणं पुरेसं आहे. त्यांच्या हाती द्यायचे ते पाच गुळगुळीत गोटे. पहिल्या शमुवेलाच्या सतराव्या अध्यायात त्याने ओहोळातून पाच गोटे निवडून घेतले आहेत. मुलांना ओढ्यातून गोटे निवडू द्या, ते घासून बघू द्या, खरबरीत टाकून देऊ द्या. निवडण्याच्या या कामात अर्धा तास कसा जातो कळत नाही.

गल्याथ पुड्यात वीतभर उंचीचा कागदी बाहुला आहे. शास्त्रात त्याची उंची सहा हात आणि एक वीत आहे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात धरला तर जवळपास तीन मीटर. खडूने फरशीवर तेवढी रेघ मारा आणि पाच वर्षांची मुलं एकापुढे एक झोपवा. तिसऱ्या मुलाच्या छातीच्या आसपास गल्याथ संपतो. त्या रेघेशेजारी उभं राहून वर्गातल्या सगळ्यात धीट मुलानेही विचारलं, "बाई, आणि दावीदाला भीती नाही वाटली?" हाच प्रश्न आपल्याला हवा असतो. बाहुल्याला पाहून तो कुणी विचारत नाही.

तारवाचंही तसंच. पुड्यात छोटी होडी आहे, वरून जिराफाची मान बाहेर काढलेली. नोहाचं तारू तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच आणि तीन मजल्यांचं. मोठ्या माणसाच्या हाताने लांबी सुमारे १३५ मीटर भरते. आम्ही देवळाच्या फाटकापासून रस्त्याने सुतळी धरून चालत गेलो, तर सुतळीचं टोक पिठाच्या गिरणीपलीकडे पोचलं. तारवाचे स्टिकर मात्र उपयोगी पडले. जनावरांच्या जोड्या आहेत, त्या वर्गात लपवून मुलांनी आपापली जोडी शोधायची. आणि कबुतराचा तुकडा जपून ठेवा. ते एकदा रिकामं परत येतं, दुसऱ्यांदा जैतुनाचं पान आणतं, तिसऱ्यांदा परतच येत नाही. तीन मुलं तीन वेळा कबुतर घेऊन धावली की गोष्ट पाठ.

योनाचा मासा बरा आहे. पाकिटासारखा फोमचा मासा, त्याच्या तोंडातून योनाला आत सारायचं आणि तीन दिवस-तीन रात्री मोजून बाहेर काढायचं. मुलांना आत घालणं-काढणं फार आवडतं. तीन वेळा दिवा लावून-मालवून दिवस-रात्र करून दाखवली की गंमत वाढते. दानीएलाच्या सिंहांचे मुखवटे ठीक आहेत, फक्त त्यांची रबरं लगेच तुटतात. सृष्टीच्या उत्पत्तीची फिरती चकती नीट फिरते, पण त्यात मुलाला करायला काही नाही. योसेफाच्या झग्यासाठी फोमचे तुकडे घेण्यापेक्षा शिंप्याकडून चिंध्या आणा. कापड ते कापडच. ख्रिस्तजन्माच्या पुड्यातली गव्हाण कागदी आहे, तिच्यात थोडा कडबा चुरून घाला.

पाच भाकरींच्या पुड्याबद्दल एवढंच सांगते, की तो उघडूच नका. फोमच्या पावासारख्या पाच लाद्या आणि दोन मासे, टोपलीत चिकटवायचे. योहानाच्या सहाव्या अध्यायातल्या मुलाकडे जवाच्या भाकरी होत्या. आपल्या घरी भाकरी आहे! पाच भाकरी आणा, मुलांना गोलात बसवा. प्रत्येकाने तुकडा मोडून आधी शेजाऱ्याला द्यायचा आणि मग स्वतःसाठी वाट पाहायची. गोष्टीत उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या, म्हणून उरलेले तुकडे गोळा करायला बारा वाट्या ठेवा. भूक लागलेली असताना पहिला तुकडा दुसऱ्याला द्यायचा, हे चार वर्षांच्या मुलासाठी फार मोठं काम आहे. ते त्याने केलं की शाबासकी द्या, मनापासून द्या.

रिकाम्या कबरेच्या पुड्यात कागदी थाळीची कबर आहे आणि पिनेवर फिरणारा गोल दगड. दगड सरकवला की आत कुणी नाही. मुलं तो पुन्हा पुन्हा सरकवतात, त्यामुळे हा पुडा घ्यायला हरकत नाही. मला मात्र त्यापेक्षा मातीची कबर आवडते. पसरट कुंडीत माती, एका बाजूला फुटकं छोटं मडकं आडवं पुरायचं, तोंडाशी एक गोटा. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, मुलांनी स्वतःच्या हातांनी त्यावर मोहरी आणि मेथी पेरायची, आठवडाभर पाणी शिंपडायचं. उत्तम शुक्रवारी कोंब नुकते वर आलेले असतात. पुनरुत्थानाच्या सकाळी मुलं येतात तेव्हा सगळीकडे हिरवं झालेलं असतं आणि गोटा बाजूला केलेला असतो. आमच्याकडे उन्हं कडक असतात म्हणून कुंडी व्हरांड्यात ठेवावी लागते.

आता मण्यांची बांगडी. बाकीच्या त्रुटी मी चालवून घेतल्या असत्या, ही घेणार नाही. तुम्हीही घेऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

पाच मणी: काळा म्हणजे पाप, लाल म्हणजे येशूचं रक्त, पांढरा म्हणजे शुद्ध झालेलं मन, हिरवा म्हणजे वाढ, सोनेरी म्हणजे स्वर्ग. ही पद्धत जुनी आहे. लंडनचे उपदेशक स्पर्जन यांनी १८६६ मध्ये काळ्या, लाल आणि पांढऱ्या अशा तीन पानांच्या, एकही शब्द नसलेल्या पुस्तकावर उपदेश केला होता. पुढे त्यात आणखी रंग आले आणि जगभरच्या संडे स्कूलांत ते पोचले. त्यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण आमच्या वर्गात मी काळा मणी हातात घेऊन पाप सांगायला लागले, तेव्हा एका पाच वर्षांच्या मुलीने तो मणी आपल्या मनगटाला लावून पाहिला आणि हळूच विचारलं, "बाई, मी पण काळी आहे ना?" घरी, शाळेत, लग्नकार्यात रंगावरून बोलणं ऐकून ती आलेली. निदान देवाच्या घरात तरी तिला ते ऐकू येऊ नये.

आणि शास्त्राचाही त्याला आग्रह नाही. यशयाच्या पहिल्याच अध्यायात पातकं लाखेसारखी लाल म्हटली आहेत, किरमिजासारखी तांबडी. काळी नव्हेत. त्या दिवशी मी मणी बाजूला ठेवले आणि नुसता दोरा घेतला. दोऱ्याला मधोमध एक गच्च गाठ मारली. मुलांना मणी ओवायला सांगितले. मणी गाठीपाशी अडले. कुणाच्याच हाताने गाठ सुटेना. मग मी जवळ जाऊन एकेकाची गाठ सोडवून दिली आणि मणी पुढे सरकले. पाप काय करतं आणि क्षमा काय करते, हे त्यांना बोटांत कळलं. हवे ते रंग ओवा म्हटलं. त्या मुलीने सगळे काळे मणी निवडले, मध्ये एकच सोनेरी, आणि ती बांगडी ती अजून घालते.

याच ओघात पुड्यातल्या माणसांबद्दल. येशू, मोशे, दावीद, सगळे गोरेगुलाबी, काहींचे केस पिवळे. ही माणसं गालील, मिसर, यहूदिया अशा उन्हातल्या मुलखांतली. बनवणाऱ्यांनी पुढच्या खेपेला चेहरे कोरे सोडले तरी चालेल. तपकिरी खडू मुलांकडे असतातच.

सामानाच्या दर्जाबद्दल थोडक्यात. कार्डशीट चांगला जाड आहे, कापणी सुबक आहे. डिंकाच्या निम्म्या बाटल्या सुकलेल्या निघाल्या, त्यामुळे घरचा फेव्हिकॉल जवळ ठेवा. दुहेरी चिकटपट्टी फोमला धरत नाही. मेंढराचे आणि सिंहाचे हलते डोळे वाटाण्यापेक्षा लहान आहेत आणि सहज निघतात. मोठ्या मुलांच्या मागे लागून दोन-अडीच वर्षांची भावंडं वर्गात येतात आणि ती सगळं तोंडात घालतात. डोळे पेनाने काढा आणि ते पाकीट उघडूच नका. खोक्यावर वयाची सूचना आतल्या बाजूला बारीक अक्षरात आहे, ती बाहेर ठळक हवी. हे मी दुकानात सांगितलं आहे आणि त्यांनी ते पुढे कळवायचं कबूल केलं आहे.

पैशाचा हिशोब असा. पूर्ण खोका घेतला तर एका मुलामागे एका गोष्टीला साधारण १५ रुपये पडतात. महाग म्हणता येणार नाही. पण एका खोक्यात दहाच मुलांचं सामान असल्यामुळे पंचवीस-तीस मुलांच्या वर्गाला तीन खोके लागतील, म्हणजे साडेपाच हजार, आणि त्यातले निम्मे पुडे तुम्ही वापरणार नाही. खेड्यातल्या मंडळीला हा खर्च जड आहे. शहरातल्या ज्या वर्गांना लोकर, लव्हाळं, ओढा, उंबर काहीच जवळ नाही, त्यांना पूर्ण खोका सोयीचा वाटेल. त्यांनीही मण्यांचा आणि गलोलीचा पुडा काढून ठेवावा.

आम्ही मे महिन्याच्या सुट्टीतल्या शिबिरासाठी जक्कयाचे आणि योनाचे तीन-तीन सुटे पुडे आणि बाळ मोशेच्या पट्ट्या मागवल्या आहेत. शेंगा आमच्या शेतात आहेत, चिंचोके पालकांना साठवायला सांगितले आहेत, आणि धनगर मावशींचा कळप दिवाळीनंतर पुन्हा आला की पुढच्या वर्षीची लोकर घेऊन ठेवणार आहे. कुणाला विणलेली टोपली मेणाने कशी बंद करायची ते बघायचं असेल तर आमच्या शिबिरात या, पहिल्याच दिवशी तेच काम आहे. सोबत एक घमेलं घेऊन या, आमच्याकडे दोनच आहेत.